बोर्ड गेला, असं म्हणण्याआधी

अमेरिकेत घरोघरी 'रेंज' असते. वर चार-पाच शेगड्या, खाली ओव्हन, अशी एकाच पेटीतली चूल. आपल्याकडे गॅसची शेगडी रुसली तर बर्नरची भोकं सुईने मोकळी करायची, नळी तपासायची, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. इथल्या विजेच्या रेंजमध्ये मात्र दोन-तीन सर्किट बोर्ड असतात. समोरचा बोर्ड तुमच्या बोटांचा हुकूम ऐकतो. मागचा बोर्ड रिले चालू-बंद करून कॉइल तापवतो. दोघांच्या मध्ये काही बारीक वायरी. त्यांवरून दोन्ही बोर्ड सतत एकमेकांची खबर घेत असतात. खबर यायची थांबली की ओव्हन बंद होतो, पडद्यावर कोड येतो आणि कोडाचा अर्थ लिहिलेला असतो : कम्युनिकेशन फॉल्ट.

मी न्यू जर्सीत सतरा वर्षं हेच काम करतोय. त्याआधी कुवेतला एसी-फ्रिज, आणि त्याआधी चिपळूणला अब्बांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसून सोल्डरिंग. लोक विचारतात, कोड तर मशीनच सांगतं, मग तुझं काम काय? आज त्याबद्दलच लिहितोय. कारण या एका कोडापायी चांगल्या घरांचे शेकडो डॉलर विनाकारण गेलेले मी पाहिलेत.

आधी हे समजून घ्या, की कोड ही फिर्याद असते, निकाल नव्हे. एक बोर्ड एवढंच सांगतोय, 'मला पलीकडून काही ऐकू आलं नाही.' पलीकडचा गप्प होता, की तो बोलत होता पण वायर तुटली होती, की फिर्याद करणाऱ्याचेच कान बिघडलेत, हे त्या कोडात नसतं. उलट ज्या बोर्डाने कोड दाखवला तो निदान जिवंत आहे, एवढं नक्की. तरी होतं काय, तंत्रज्ञ येतो, कोड वाचतो, एक बोर्ड मागवतो. तो लावून कोड गेला नाही तर दुसरा मागवतो. बोर्ड बदलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, खराब पिन शोधायला दोन तास जाऊ शकतात. आणि बिल बोर्डाचं मोठं होतं. हा मोह धंद्यात रोजचा आहे. त्याला नाही म्हणणं हाच आमच्या कामातला इमान.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा पॅनलमधला ब्रेकर पाडून पाचेक मिनिटं थांबायचं. विजेच्या झटक्याने गोंधळलेला बोर्ड एवढ्यानेही शुद्धीवर येतो. कोड परत आला तर दुखणं खरं. मग रेंजच्या पोटात चिकटवलेला तांत्रिक कागद शोधायचा. बहुधा तो मागच्या पत्र्याआड किंवा खालच्या ड्रॉवरमागे घडी करून ठेवलेला असतो. कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत, ते त्यात असतं.

त्यानंतर घराची वीज. इथे रेंजला दोन फेज आणि न्यूट्रल येतो. फेज ते फेज २४० व्होल्ट, प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२०. एका घरी मला एका बाजूला १३८ आणि दुसऱ्या बाजूला १०२ मिळाले. बेरीज बरोबर २४०, वाटणी चुकलेली. घरच्या बाईंना विचारलं, मायक्रोवेव्ह लावल्यावर दिवे उजळ-मंद होतात का? म्हणाल्या, महिनाभर होताहेत. न्यूट्रल ढिला होता. रेंज निर्दोष होती, आणि धोका साऱ्या घराला होता. मी रेंज उघडलीच नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावून घ्यायला सांगितलं.

वीज ठीक असेल तर वायरी. वीज तोडून प्रत्येक कनेक्टर काढून बघायचा. मागे सरकलेली पिन, तेलकट काजळी, तपकिरी पडलेलं प्लास्टिक, उंदराचे दात. मग मीटर लावून प्रत्येक वायरीची कंटिन्युइटी, वायर हलवत हलवत. त्याच्या पुढे डीसी व्होल्टेज. मागच्या बोर्डातून १२ निघतात आणि समोर पोचत नाहीत, तर दोष मधल्या वाटेत. निघतच नाहीत, तर समोरच्या बोर्डाचा कनेक्टर काढून पुन्हा मोजायचं. काढल्यावर व्होल्टेज परत आलं तर समोरचाच शॉर्ट आहे, आणि त्याच्या ओझ्याखाली मागचा दबला होता. नाहीच आलं तर मागच्या बोर्डाचा सप्लाय गेला. डेटाच्या वायरीवर साध्या मीटरचा आकडा थरथरायला हवा. तो एका जागी गोठला असेल तर तिथे बोलणं चाललेलं नाही. चालू विजेवरचं हे मोजणं घरी कुणी करू नये, २४० व्होल्ट माफी देत नाहीत.

गेल्या रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली गोष्ट. शेजारच्या गावात एक हैदराबादी खाला राहतात, मुलगा दूर टेक्सासला. आधी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाने दोन्ही बोर्ड बदलायचे ७८० डॉलर सांगितले होते. रेंज सहा वर्षांची. खाला एका प्लगच्या शेगडीवर सहरी-इफ्तारचं रांधत होत्या. मला म्हणाल्या, ''बेटा, ओव्हन लगाई तो आधे घंटे में बंद पडता, सुबह कू फिर अच्छा.''

आधीच्या माणसाने हे ऐकलं असतं तर! बोर्डाची आतली चिप मेली तर ती सकाळी उठून बसत नाही. तापल्यावर बिघडणं आणि गार झाल्यावर सुधारणं म्हणजे ढिली पिन, किंवा आमच्या भाषेत ड्राय सोल्डर. मी विचारलं, सेल्फ क्लीन वापरलंत का? म्हणाल्या, रमजानच्या तयारीत एकदा. सेल्फ क्लीनमध्ये ओव्हन साधारण ४७० अंश सेल्सियसपर्यंत जातो. आतली घाण जळून राख होते, पण मागच्या बाजूच्या नाजूक वस्तूंनाही ती आच लागते.

मागचा पत्रा काढला. वायरींचा जुडगा धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. जुडगा झोळीसारखा ओघळून ओव्हनच्या पाठीला टेकला होता, आणि शेजारचा कनेक्टर बिस्किटासारखा करपला होता. गार असताना मीटरवर सगळं ठीक. मग खालांचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि कनेक्टरवर गरम हवा मारली. समोरच्या टोकाला १२ चे ९ झाले, ९ चे ७, आणि पडद्यावर तोच कोड. दोन नवीन टर्मिनल, हातभर उष्णतारोधक वायर, एक नवी क्लिप. मग ओव्हन २०० अंशांवर दीड तास चालवून बघितला. पैसे एका व्हिजिटचे आणि वर थोडे सामानाचे. खालांनी हातात डबा दिला तो वेगळा.

बोर्ड कधीच जात नाहीत असं नाही. त्याच महिन्यात एका मराठी कुटुंबाकडे समोरचा बोर्ड खरोखर शॉर्ट निघाला, आणि तो बोर्ड बनायचा थांबलेला होता. त्यांना तसं सांगावं लागलं. पण सांगताना माझ्या हातात दोन्ही टोकांचे आकडे होते, अंदाज नव्हता. त्यांनी तो बोर्ड दुरुस्तीला पाठवला.

माझा भाचा रत्नागिरीत इन्व्हर्टर एसी दुरुस्त करतो. तिथेही आतलं युनिट आणि बाहेरचं युनिट वायरीवरून बोलतात आणि तसाच कोड येतो. मागे त्याचा फोन आला, ''मामू, गिऱ्हाईक बाहेरचा बोर्ड बदला म्हणतंय, काय करू?'' मी म्हटलं, मधल्या वायरीला जोड कुठे आहे ते आधी बघ. भिंतीबाहेर टेप गुंडाळलेला जोड सापडला. खाऱ्या हवेने आतलं तांबं हिरवं पडलेलं. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचले, आणि तेव्हापासून त्या सबंध बिल्डिंगची कामं भाच्याकडे येतात.

तुमच्या घरी असा कोड आला तर दोन गोष्टी करा. कोड कधी येतो ते कागदावर लिहून ठेवा : गार असताना की तापल्यावर, पावसात, की सेल्फ क्लीननंतर. येणाऱ्या माणसाला तो कागद आधी द्या. आणि त्याने बोर्ड गेला म्हटलं की शांतपणे विचारा, ''भाऊ, दोन्ही टोकांना किती व्होल्ट मिळाले?'' ज्याने मोजलंय तो आकडे सांगेल. जो नुसता कोडच पुन्हा वाचून दाखवेल, त्याला चहा पाजा आणि बोर्डाची ऑर्डर थांबवा.