ताप उतरला, आणि मग



माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा, हे मी गेली पंचवीस-तीस वर्षे तुम्हांला सांगत आलो. एकट्या नत्राच्या आकड्यावर जाऊ नका, सामू बघा, मागचा अहवाल शेजारी ठेवा. हाच मनुष्य घरातल्या रक्ताच्या अहवालापुढे कसा फसला, ते आज सांगतो.

२०१९ साली, गौरी-गणपती उरकले आणि थोरल्या भावाचा १९ वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेले. तालुक्याला रक्त तपासले, डेंग्यू निघाला. तेव्हापासून घरात एकच जप : प्लेटलेट किती? निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला त्या दीड ते साडेचार लाख असतात. याच्या चौथ्या दिवशी ९२ हजार. वहिनींनी पपईच्या पानांचा रस काढला. आधीच मळमळणाऱ्या पोराला तो कडूजहर रस कसा पाजला, देव जाणे.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दादा, गंडांतर टळलं." इथेच चुकलो.

डॉक्टरांनी दोन दिवसांचे कागद शेजारी ठेवले आणि भलत्याच आकड्याभोवती गोल केला. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा. तो ३९ टक्क्यांवरून ४७ वर गेला होता. मला वाटले, तांबड्या पेशी वाढल्या, बरेच झाले की! डॉक्टर म्हणाले, "साहेब, पेशी वाढल्या नाहीत, पाणी कमी झालं."

डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग झिरपून पोटात, छातीत उतरू शकतो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटून दाट होतो, तसे रक्त दाट होते. प्लेटलेट झपाट्याने खाली आणि हिमॅटोक्रिट वर, ही जोडी दिसली की रोगी धोक्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

मग पोराला खोदून विचारले. पोट दुखत होते, रात्रीपासून तीनदा उलटी झाली होती. काकांना कशाला सांगायचे, म्हणून गप्प! सतत उलट्या, पोटदुखी, ग्लानी, नाका-हिरड्यांतून रक्त, ही लक्षणे दिसली तर कागदाचीही वाट बघू नये.

त्याला दाखल केले. सलाईन मोजून, लघवीचे माप ठेवून, पुन्हा पुन्हा रक्त तपासून. सलाईन जास्त झालेलेही वाईट. एक-दोन दिवसांनी झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परत येते आणि छातीवर भार पडतो. प्लेटलेट २८ हजारांवर आल्या तेव्हा भावाने हात जोडले, "पिशवी चढवा." रक्तस्राव नव्हता, डॉक्टरांनी चढवली नाही. त्या रात्री मला त्यांचा फार राग आला होता, हे कबूल करतो. सातव्या दिवशी हिमॅटोक्रिट ४० झाला. नवव्या दिवशी प्लेटलेट लाखावर गेल्या, आपल्या आपण.

एक राहिलेच. अशा तापात अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका; त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पोरगा घरी आला त्या दिवशी वहिनींनी मोरीजवळचा रांजण उपडा केला. तळाशी अळ्या वळवळत होत्या. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि काठाला चिकटलेली त्याची अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. रांजण मीच आतून काथ्याने घासला.