मंडईच्या खाली

"किती पुरुस खोल हाय रं हे?" आईनं विचारलं.

विहिरीची खोली पुरुसात मोजायची तिची सवय. मी म्हणालो, "कोर्टाजवळचं स्टेशन तेहतीस मीटर खोल. वीस पुरुस तरी धर."

"ईस माणसं एकावर एक उभी केली तर?"

"हां."

"आन् पायात कोन घातलं?"

मी हसलो नाही. आमच्या घरात या प्रश्नाला कुणी हसत नाही.

२९ सप्टेंबर २०२४ ला कोर्टापासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली, आणि त्या दिवाळीत मी आईला मंडई स्टेशन दाखवायला नेलं. आम्ही मांग. बाप शिंदीच्या केरसुण्या बांधायचा. लक्ष्मीपूजनाला मंडईच्या कडेला फडे मांडून बसायचा. लोक केरसुणीला हळदकुंकू लावायचे आणि बापाच्या हातावर पैसे वरून टाकायचे. लक्ष्मी घरात न्यायची, बांधणाऱ्याचा हात तेवढा नको. आई पाटीवाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दुसऱ्याची भाजी. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारापर्यंत न्यायची. दाराच्या आत नाही.

स्टेशनाला मंडईचंच रूप दिलंय. तशाच कमानी, तसाच दगडी थाट. समोर खरी मंडई उभी, मधोमध अष्टकोनी मनोरा, भोवती फाकलेले हात. ती पाहायची आणि मग ही नक्कल पाहायची. नक्कल वाईट नाही, खोटं कशाला बोलू. पण नक्कल करणाऱ्यानं दगड पाहिला, दगडामागचं भांडण पाहिलं नाही.

ते भांडण असं. शनिवारवाड्यापुढं भाजीबाजार भरायचा, उघड्यावर. पुणे नगरपालिकेनं ठरवलं, मोठी इमारत बांधू. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर घाला म्हणाले. हा काही दगडमातीला भिणारा माणूस नव्हता, स्वतः बांधकामाचा ठेकेदार होता. कुठं किती चुना जातो आणि कुठं किती पैसा मुरतो, हे त्याला कळत होतं. ऐकलं कुणी नाही. १८८६ ला मंडई उघडली. नाव कुणाचं? गव्हर्नर लॉर्ड रे याचं. रे मार्केट.

पुढं १९२४ ला मंडईत टिळकांचा पुतळा बसला. १९२५ ला जोतीरावांच्या पुतळ्याची गोष्ट निघाली तर नगरपालिकेतल्या बहुमतानं ती उडवून लावली. त्याच तापलेल्या वर्षी जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं, खटला झाला, आणि लेखक-प्रकाशकांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बाबासाहेब. अखेर १९३८ ला आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला माणूस नको म्हणाला, तिलाच त्याचं नाव! पुण्यात असे सत्कार होतात. जोतीराव असते तर काय म्हणाले असते, ते इथं छापता येणार नाही.

शिकलेली पुणेरी माणसं हा किस्सा गमतीनं सांगतात. मला गंमत वाटत नाही. त्या पैशातून शाळा निघाल्या असत्या तर माझी आजी अक्षर शिकली असती काय? आई आज स्टेशनावरची पाटी माझ्याकडून वाचून घेते. डोक्यावरच्या पाटीला आणि भिंतीवरच्या पाटीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे. पहिली तिला जन्मभर मिळाली.

मेट्रोच्या आराखड्यात इतिहास फार. नदीकाठच्या डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांना तर मावळ्याच्या पगडीचा आकार. पगड्यांची हौस पुण्याला जुनीच. भुयार खोदणाऱ्या यंत्रांनासुद्धा नावं दिली: मुळा, मुठा, पवना. मुठेच्या पात्राखालून त्यातली काही यंत्रं गेली. यंत्रांना नावं आहेत. यंत्रामागं चिखलात उभी असलेली पोरं परमुलखातली, हिंदी बोलणारी. त्यांची नावं कुठल्या कमानीवर आहेत? मी शोधली, दिसली नाहीत.

आणि २०२० मध्ये मंडईच्या या खोदकामात मोठमोठी हाडं निघाली. हत्तीची असावीत, असं पेपरांत आलं. अभ्यासक येऊन पाहून गेले. चांगलं झालं. हत्तीचाही इतिहास असतो.

आईच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं १८५५ ला 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. मांग-महारांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरायचे, हे त्या मांगाच्या पोरीनं लिहून ठेवलंय. आईनं तो निबंध वाचलेला नाही. तिच्या आईनं तिला सांगितलं, तिच्या आईला तिच्या आईनं. मुक्तानं तेवढं कागदावर आणलं. आमची हाडं तपासायला अजून कुणी आलेलं नाही.

आई सरकत्या जिन्यावर पाय टाकीना. मागं रांग तुंबली. एक बाई वैतागून काहीतरी बोलली, मग तिच्याच लेकीनं आईचा हात धरला आणि तिला खाली आणलं. खाली गार होतं, लख्ख होतं. आईनं खांबावर हात फिरवला. "गुळगुळीत केलंय बग," म्हणाली. स्वारगेटचं तिकीट दहा रुपये. तिला स्वारगेटपर्यंत पाटी नेली की आठ आणे मिळायचे, तेही घासाघीस करून. गाडीत बसली न बसली तोच स्वारगेट आलं.

"परत चालत जाऊ," ती म्हणाली.

"का?"

"खालनं काय दिसलं न्हाई. वरनं बगते."

शिवाजी रस्त्यानं आम्ही परत निघालो. दर चार पावलांवर ती पाय आपटून विचारायची, "हितं खाली हाय का?" मी हो म्हणत राहिलो.

मंडईच्या कडेला, बाप बसायचा त्याच्या जवळपास, एक पोरगा केरसुण्या मांडून बसला होता. आईनं एक उचलली, उलटी करून पाहिली, पैसे त्याच्या तळहातावर टेकवले. मग बांध ढिला आहे म्हणून त्याला शिव्या दिल्या आणि तिथंच फतकल घालून ती केरसुणी पुन्हा आवळायला बसली.