पुढची चाकं मोकळी

माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक रेसिंग बग्गी आहे. असं म्हटलं की लोकांना जत्रेत मिळणारी आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर जाणारी गाडी आठवते. ही तसली नव्हे. १:८ मापाची, जवळजवळ अर्धा मीटर लांब, वजन तीन किलोच्या वर आणि चारही चाकांना ताकद. सेकंडहँड घेतली. बायकोला किंमत निम्मी सांगितली आहे. (ती हे वाचत नाही, अशी आशा.)

झालं असं की, वाकडला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मी मातीच्या ढिगावरून तिला उडवलं आणि ती खाली टेकेपर्यंत थ्रॉटल दाबलेलाच ठेवला. हवेत गरगरणारी चाकं जमिनीवर आपटून एकदम अडतात आणि तो सगळा झटका गिअरच्या दातांवर बसतो. कर्रर्र! पुढच्या डिफरन्शियलचे चार दात गेले. पार्ट परदेशातून येणार, चार आठवडे लागणार.

चार आठवडे थांबायचं? छे. हापिसात आम्ही काय करतो? जे मॉड्यूल बोंबलतंय ते बंद करतो आणि बाकीची सिस्टिम चालू ठेवतो. म्हटलं, पुढच्या चाकांची ताकदच काढून टाकू. करू टू-व्हील ड्राइव्ह!

आणि टू-व्हील म्हणजे काही लंगडी गाडी नव्हे. १:१० मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मारला झाली, तेव्हापासून टू-व्हील आणि फोर-व्हील अशी दोन वेगळी विजेतेपदं आहेत. म्हणजे तो वेगळाच खेळ आहे. एवढं वाचून मला फारच स्फुरण चढलं.

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर पेपर पसरला आणि मधल्या भागातून पुढे जाणारा शाफ्ट काढला. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन छोटे दांडेही काढले. चाकांचे आखूड आस मात्र ठेवले, कारण चाक त्यांच्यावरच बसतं. तुटक्या गिअरचा डबा रिकामा केला. अर्ध्या तासात काम खलास. बॅटरी लावली, थ्रॉटल दाबला...

मोटर जोरात किंचाळली. गाडी गोगलगायीसारखी वीतभर सरकली आणि थांबली.

वायरी तपासल्या. मोटरचा पिनियन तपासला. इंटरनेटवर शोधलं. तासभर गेला.

अण्णा गॅलरीत बसले होते. माझे वडील. एसटीच्या कराड डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात गेली. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याला घेऊन आलो आणि आल्या दिवसापासून एकच पालुपद लावलं : "अण्णा, तुम्ही आता काही करायचं नाही. नुसता आराम." नळ गळला तरी ॲपवरून प्लंबर बोलवायचो. आठ महिने माणूस सातव्या मजल्यावरून रस्ता बघत बसला. सोमवारी कराडला परत जायचं असं त्यांनी दोन दिवसांपूर्वी जाहीर केलं होतं. बॅगही भरून दाराशी ठेवली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खरं तर विचारायला घाबरलो.

मोटर पुन्हा किंचाळली तसे ते उठून आले.

"आरं, ह्यात मधी डिफरन्शियल हाय का?"

"आहे ना. पुढे एक, मागे एक आणि मधे एक."

"मग झालं की! एस्टीचं एक चाक चिखलात गेलं की तेच नुसतं गरागरा फिरतं आणि दुसरं गप उभं ऱ्हातं. तू पुढचा दांडा काढलास. आता ताकदीला जायला फुकटची वाट मिळाली. ती मागं कशाला जाईल?"

मी इंजिनिअर आहे. डिफरन्शियल मला परीक्षेला होतं. आकृतीला पाच मार्क होते, मला साडेचार मिळाले होते. असो.

म्हणजे मधलं डिफरन्शियल जाम करायला हवं होतं. मी लगेच म्हटलं, एम-सील भरू.

"परत उघडायचंय का न्हाई? मग उघडता यील असं कर."

शेवटी बायकोची क्राफ्टची ग्लू गन कामी आली. आतलं सिलिकॉन ऑइल पुसून काढलं, दात पेट्रोलनं स्वच्छ केले, वाळवले आणि पोकळीत गरम ग्लू भरला. थंड झाल्यावर अण्णांनी आस बोटांनी पिळून पाहिला. हलला नाही. एवढ्या महिन्यांत त्यांच्या बोटांना पहिल्यांदाच काळं लागलं होतं. बेसिनपाशी ते बराच वेळ हात धूत होते आणि काहीतरी गुणगुणत होते.

संध्याकाळी दोघं प्लॉटवर गेलो. गाडी सुटली ती झकास. पहिल्याच वळणावर गर्रकन उलटी फिरली. दुसऱ्यावरही तेच. आधी ब्रेक चारही चाकांना लागायचा, आता फक्त मागच्या दोनांना. त्यामुळे जरा ब्रेक दाबला की शेपूट बाहेर. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ब्रेक निम्मा केला. टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायची शिशाची वजनं आणून मागे चिकटवली, म्हणजे मागची चाकं जमीन धरतील. फरक पडला, पण फिरणं थांबेना.

अण्णा दगडावर बसून बघत होते.

"कुंभार्ली घाटात पावसात गाडी कशी काढत्यात ठावं हाय? एस्टीला काय चारी चाकांना ताकद नसती. ब्रेक वळणाच्या आदी. वळणात पाय हलका. गाडी सरळ झाली की मग रेस."

तसं केलं. पहिल्या प्रयत्नात नाही जमलं, विसाव्या प्रयत्नात जमलं. तेव्हा लक्षात आलं, दोन वर्षं मी स्वतःला बरा ड्रायव्हर समजत होतो. प्रत्यक्षात वळणात मी केलेल्या चुका पुढची चाकं ओढून निस्तरत होती. फोर-व्हीलमध्ये मी थ्रॉटल फक्त दाबायला शिकलो होतो, सोडायला नाही.

मग रिमोट अण्णांना दिला. आधी "मला कशाला" झालं. मग अंधार पडेपर्यंत परत मिळाला नाही.

परतताना मी विचारलं, "अण्णा, इथं करमत नाही का?"

"करमतं की. पण कायतरी काम पायजे हाताला."

सोमवारी ते कराडला गेलेच. एसटीनं. आपण विचारलं म्हणून सगळं जागच्या जागी सुटतं, असं थोडंच असतं? पण आधी फोनवर "जेवलास का, बरं ठेवतो" एवढंच व्हायचं. परवा पहिला प्रश्न आला, "ग्लू धरलाय का अजून?" वीस मिनिटं बोललो.

काल तो पार्ट आला. खोकं टेबलावर आहे. मी उघडलेलं नाही. अण्णांना सांगितलं, "बसवायला तुम्हीच या. मला एकट्याला जमणार नाही."

"बगू," म्हणाले. "पावसाआदी येतो."

स्वयंपाकघरातला नळ परत गळतोय. प्लंबर बोलावलेला नाही.