जाळी

घरामागं दोन गुंठ्यांत मी जाळी मारून सहा खण केलेत. सव्वाशे-दीडशे कोंबड्या आहेत. तीस वर्षं उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगचं काम केलं. छाती वाळूनं भरली. आता कोंबड्या. रंगावर पैदास करतो. काळी पायजे तर काळी, कवडी पायजे तर कवडी. गिऱ्हाईक आलं की जाळीपाशी उभं राहून पहिला प्रश्न टाकतं, "जातिवंत हायत न्हवं?"

दुसरा प्रश्न जरा वेळानं येतो. च्या पिताना. "तुमचं आडनाव काय म्हणाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून माणूस खूष होतो. दुसऱ्याचं ऐकून कप अर्धाच खाली ठेवतो. सगळेच ठेवत नाहीत. पण ठेवणारे अजून आहेत.

रंगाचा धंदा मी आईकडनं शिकलो. कोल्हापुरात आषाढ आला की पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरायचं, पी-ढबाक वाजवत टेंबलाईच्या टेकडीला न्यायचं, मग गल्लोगल्ली जत्रा. त्या महिन्यात कोंबड्याला सोन्याचा भाव. पण भाव नुसता वजनावर नसतो. उताऱ्याला काळी लागते, कुळकुळीत, एक पांढरं पीस चालत नाही. कुणाच्या नवसाला पांढरा, बिनडागाचा. कुणाला बाहेरचं झालं तर उलट्या पिसांची. आई म्हणायची, "देवाला रंग लागतो बाबा, माणसाला रस्सा."

आमच्या घरातले देव कवाच गेले होते. १९५६ नंतर आमच्या वाड्यानं मरीआईकडं पाठ फिरवली. बापानं देव्हारा काढला, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो लावला. पण दुसऱ्यांच्या देवाला काळी कोंबडी आमच्याच खुराड्यातनं जायची. बाप कुरकुरायचा. आई म्हणायची, "मी देव इकत न्हाई, कोंबडी इकतो." आमच्याकडं बाया असंच बोलतात, गड्यासारखं.

गावातल्या एका मोठ्या घरचा गडी यायचा. न विचारता डालगं उचलायचा आणि पाहिजे तो कोंबडा काखेत मारायचा. "पैसं मागनं देतो." मागनं कधी आलं नाहीत. बाप उंबऱ्यात बसून बघायचा. तेव्हा आईनं एक युक्ती काढली. दारात ठिपक्याच्या, डागाच्या कोंबड्या सोडायची आणि काळ्या आत, चुलीमागं. गडी यायचा, डाग बघायचा, शिवी हासडून जायचा. डागानं आमचं पोट भरलं. ज्याच्या अंगावर डाग त्याला कुणी उचलत नाही, एवढं मी सहा वर्षांचा असताना शिकलो.

आईला अक्षर येत नव्हतं, पण पैदास येत होती. नुसता कोंबडा बदलून भागत नाही, हे तिला ठाऊक होतं. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतं. म्हणून ती काळी तलंग वेगळी डाली, तेवढे दिवस अंडी खायला काढी, मग पुढची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवी. एकविसाव्या दिवशी पिलं. त्यातलं डागाचं बाजूला, काळं ठेवायचं. असं पाच-सहा पिढ्या केलं की काळ्याला काळंच निघतं. मग लोक म्हणतात, जात चांगली आहे.

लेक शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकली. आई जे हातानं करायची त्याची नावं लेकीनं मला सांगितली. मेंडेलनं वाटाण्यात शोधलेला नियम प्राण्यालाही लागू पडतो, हे बेटसन नावाच्या इंग्रजानं १९०२ साली कोंबड्यांवर दाखवलं. मी म्हटलं, त्याच १९०२ च्या २६ जुलैला आपल्या शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकरीत मागासलेल्यांना निम्म्या जागा दिल्या. ती हसली. म्हणाली, "आबा, तुमी कुठलं बी खुराडं महाराजांपाशी नेता."

तिनं सांगितलं, दोन रंगीत कोंबड्यांच्या पोटी पांढरं पिल्लू निघू शकतं. दोघांच्यात पांढरा दडलेला असतो, दिसत नाही. गावात असं झालं की म्हणत, "कुणाचं हाय कुणास ठाव." कोंबडीवरसुद्धा आळ घ्यायचे. तिनं हेही सांगितलं की कोंबडीच्या पिवळ्या पायाचं मूळ राखी रानकोंबड्यात आहे. हा आपल्या सह्याद्रीतला, दाजीपूर-राधानगरीच्या रानात ओरडतो तो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळी कातडी राखीकडनं आली, हे २००८ साली संशोधकांनी दाखवलं. म्हणजे जगात जिथं जिथं पिवळ्या पायाची 'जातिवंत' कोंबडी आहे, तिथं तिथं आपल्या रानातला एक भेसळ करून गेलाय.

सरकारनं गावात ऱ्होड आयलंड रेडचे तांबडे कोंबडे वाटले, तेही मिसळले. नंतर बंगळूरचा गिरीराज आला, हैदराबादचा वनराज आला. ते मुद्दाम रंगीत केलेले, कारण गावाकडचा माणूस पांढऱ्या कोंबडीला गावरान म्हणत नाही. मग झाबुव्याच्या आदिवासींचा कडकनाथ आला. कातडी काळी, मांस काळं. २०१८ साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या भागात लोकांनी कर्ज काढून तो पाळला, अंड्याला मोठा भाव मिळणार म्हणून. २०१९ ला सगळं बसलं. खाद्याला पैसा उरला नाही, लोकांनी कडकनाथ मोकळे सोडले. आता गावरान कोंबडीच्या पोटी काळ्या कातडीची पिलं निघतात, आणि बाजारात तीही 'अस्सल' म्हणूनच विकतात.

सगळ्यात जास्त मागणी राखीला. पावसाळी ढगासारखा रंग. लोक म्हणतात, राखीची प्युअर जोडी द्या. ती देता येत नाही. माझ्या राखी कोंबड्यांचं गणित असं आहे: काळी कोंबडी आणि ठिपक्याचा पांढरट कोंबडा एका खणात घातले की सगळी पिलं राखी. पण राखीला राखी लावली की सरासरी चारात एक काळं, दोन राखी, एक पांढरट. कितीही पिढ्या करा. आंदालुसियन जातीत बेटसन आणि पनेटनं हेच बघितलं. राखी हा रंगच दोघांचा मिळून होतो. त्याला शुद्ध करायला गेलं की तो हातातनं जातो.

एकाच कोंबड्याची लेकरं एकमेकांत लावत राहिलं की रंग पक्का होतो, पण अंडी कमी फुटतात, पिलं दुबळी निघतात, वाढ खुंटते. मग बाहेरचा कोंबडा आणावाच लागतो. रंगावर पैदास करणारा कुणीही हे जाणतो. बोलत नाही.

एवढं सगळं मला कळत होतं. आणि गेल्या वर्षी लेकीनं एक नाव सांगितलं. पोरगा शिक्षक. शिकलेला, निर्व्यसनी. मातंग समाजाचा.

माझ्या तोंडातनं निघालं, "आपल्यातला न्हाई मिळाला?"

जयंतीला स्टेजवर बोलणारा मी. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं की जात उभी राहते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. हे मी पोरांना दहा वेळा सांगितलंय. बाबासाहेबांनी स्वतः १९४८ साली जातीबाहेर लग्न केलं. महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात आंतरजातीय लग्नाचा कायदा केला. सगळं तोंडपाठ. आणि घरात मी तोच प्रश्न विचारला जो गिऱ्हाईक च्या पिताना विचारतं.

लेक काही बोलली नाही. संध्याकाळी खुराड्यापाशी आली. म्हणाली, "आबा, ह्या सहा खणांची दारं उघडी टाकली तर तुमची काळी जात किती दिवस टिकंल?"

मी म्हटलं, "दोन-तीन पिढ्या. दोन वर्षं लई झाली."

"मग जात कोंबडीत हाय का जाळीत?"

मी जाळीला हात लावून उभा राहिलो. ही मीच मारली होती, माझ्या हातानं, खिळे मोजून.

"जातो मी," म्हणाली आणि आत गेली.

चार महिने लागले मला. ते उगंच गेले. मंडळी अजून नीट बोलत नाही. भावकीतले दोघे आले नाहीत. पण नोंदणी झाली. सही करताना माझा हात थरथरला हे खोटं कशाला लपवू.

खण तसेच आहेत. पोट त्यावर चालतं. फक्त आता कुणी "जातिवंत हायत का" विचारलं की मी सांगतो, रंग पक्का हाय, जातीचं मला ठाव न्हाई. आणि आडनाव च्याच्या आधी सांगतो.

गेल्या महिन्यात लेक-जावई आले होते. जाताना एक राखी जोडी डालग्यात घालून दिली. म्हटलं, "पावणं, ह्यांची पिलं एका रंगाची निघायची न्हाईत. घाबरू नका."

तो म्हणाला, "घाबरायचं कशाला आबा? तीन गिऱ्हाइकं मिळतील."