राजूरच्या वाटेवरची काठी

जालन्याहून उत्तरेस भोकरदनकडे जो रस्ता जातो, त्यावर सुमारे २५ किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या हिशेबाने ८ कोसांवर, राजूर हे गाव लागते. गाव तसे लहानच. परंतु तेथील टेकडीवरच्या गणपतीमुळे त्याचे नाव साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. भाविक मंडळी गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना पूर्ण पीठ म्हणून करतात. संकष्टी मंगळवारी आली की तिला अंगारकीचे महत्त्व चढते, आणि त्या दिवशी जालना शहरातून व आसपासच्या खेड्यांतून माणसांची रांगच्या रांग राजूरच्या वाटेला लागते. पुष्कळ जण सोमवारी रात्रीच घर सोडतात आणि अनवाणी चालत पहाटेच्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशी पोहोचतात. वाटेत ठिकठिकाणी चहा आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन मंडळी उभी असतात. कोण कोणाचा, हे कोणी विचारीत नाही.

बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांच्या व्यापाराने आज जालन्याचे रूप पार पालटले आहे. १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. त्या तालुक्याच्या काळात माझे वडील दर अंगारकीस राजूरला पायी जात. उतारवयात त्यांच्या हाती एक वेताची काठी आली. बाकदार मुठीची, खाली पितळी शेंबी बसविलेली ही काठी त्यांच्या पश्चात आमच्या माजघरातील खुंटीवर टांगलेली राहिली. घरातील मुलांनी कधी तिचा घोडा केला नाही, की सुनांनी तिने कधी वाळवणावरचे कावळे हाकलले नाहीत. ती वस्तू वडिलांची, एवढे सर्वांना पुरेसे होते.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. वैद्यांनी काठी घ्या म्हणून सांगितले. नवी काठी विकत घेण्याचा विचारही मनास शिवला नाही. वडिलांची काठी घरात असता दुसरी कशाला? पुढल्या अंगारकीस ती खुंटीवरून काढली, तिला नमस्कार केला आणि शेजारच्या तीन-चार मंडळींबरोबर रात्री ९ वाजता राजूरची वाट धरली.

पहिले दोन कोस मोठ्या उत्साहात गेले. दोहों बाजूंस काळ्या रानात कपाशी व तूर उभी होती. चंद्रोदय झाला तेव्हा पांढरी फुटलेली बोंडे दुरून स्पष्ट दिसू लागली. परंतु पुढे माझा उजवा खांदा भरून आला. गुडघा दुखण्याऐवजी मान दुखू लागली. मनात म्हटले, हा देवाच्या वाटेवरचा शीण आहे, सोसला पाहिजे. पहाटे टेकडीच्या पायऱ्या चढताना मात्र सोसण्याची गोष्ट राहिली नाही. वरच्या पायरीवर काठी टेकली, ती मूठ थेट छातीशी आली. हातास जोर लागेना. आणि पाय निसटून मी दोन पायऱ्या खाली आलो. हाडास इजा झाली नाही, हे गजाननाचीच कृपा. परंतु काठी खडखडत खाली गेली, तिच्यामागे माझा अभिमानही गेला.

ज्याने काठी उचलून आणून दिली, तो एक वृद्ध धनगर होता. सोबतची मंडळी मला गुरुजी म्हणून हाक मारीत होती, ते ऐकून तोही तसेच म्हणाला, “गुरुजी, रागावू नका, पन ही काठी तुमची न्हाई. कुण्या उंच मानसाची हाये.” मी म्हटले, “माझ्या वडिलांची आहे.” त्यावर तो हसला आणि आपली काठी माझ्यापुढे उभी करून म्हणाला, “माझी बघा. ही हनुवटीला लागती. मेंढरं राखताना दोन्ही हात वर ठिवून उभ्यानं टेकायचं असतं. तुमाला टेकायचं न्हाई, चालायचं हाये. मंग तुमची काठी कमरेखालीच पायजे.”

त्याचे बोलणे खरे होते, हे मला तेथेच कळले. परंतु कबूल करवले नाही. काठी कापावयाची म्हणजे वडिलांचीच वस्तू तोडावयाची! ती पुन्हा खुंटीवर गेली आणि मी काठीवाचून लंगडू लागलो.

याच सुमारास पुण्यास नोकरी करणारा माझा पुतण्या रजेत काश्मिरास गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग येथे हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ चालतो, तो शिकण्याची त्याला हौस होती. या खेळात दोन्ही पायांस स्की नावाच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधतात. परत आला तो उजवा गुडघा बांधूनच. एक गुडघा काकांचा, एक पुतण्याचा. घरातील स्त्रियांना हसू आवरेना.

चौकशी करता त्याने प्रांजळपणे सांगितले, “काका, चूक माझीच. माझी उंची १७० सेंटिमीटर. शिकविणाऱ्याने मला १५५ सेंटिमीटरांची स्की दिली. उभी धरली तर जेमतेम ओठांपर्यंत येई. बरोबरीच्या मित्राची त्याच्या डोक्यावरून जात होती. मला लाज वाटली आणि हट्टाने मीही लांब घेतली. सरळ चालली, पण वळता वळेना. तिसऱ्या दिवशी पडलो.”

मग त्याने मला त्या पट्ट्यांचे माप समजावून दिले. ते ऐकून मी थक्क झालो. स्की उभी करून माणसाच्या देहाशीच ताडून पाहावयाची. नवशिक्यास ती हनुवटीपासून नाकापर्यंत यावी. कारण आखूड स्की चटकन वळते आणि चूक झाली तरी सावरू देते. सरावलेल्यास कपाळापर्यंत किंवा डोक्याइतकी चालते. वेगात जाणारा व खोल भुसभुशीत बर्फात उतरणारा त्याहूनही लांब घेतो, कारण लांब स्की वेगात डगमगत नाही आणि मऊ बर्फावर भार पसरून धरते. केवळ उंची पाहून भागत नाही. वजनदार माणसास थोडी लांब, हलक्यास थोडी आखूड. पूर्वी स्की सरळ पट्टीसारखी असे आणि हात वर करून मनगटापर्यंत येईल एवढी घेण्याची चाल होती. १९९० नंतरच्या दशकात मध्ये निमुळत्या झालेल्या स्की प्रचारात आल्या, त्या सहज वळतात, म्हणून मापेही आखूड झाली. सारांश, माप तीन गोष्टींवरून ठरते: देह, अंगची तयारी आणि करावयाचे काम. मित्राची स्की किती लांब आहे, ही चौथी गोष्ट त्यात कोठेच बसत नाही.

मी त्याला उपदेश करावयास तोंड उघडले आणि तसेच मिटले. राजूरच्या पायरीवर मी याहून निराळे काय केले होते? त्याने मित्राचे माप घेतले, मी वडिलांचे.

त्या रात्री सवयीने जुने ग्रंथ काढून बसलो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याच्या दंडाचे प्रमाण दिले आहे: ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. जन्मावरून माप ठरविण्याची ही रीत आज आपण स्वीकारू शकत नाही, आणि स्वीकारूही नये. परंतु तीत एक ध्यानात घेण्याजोगा भाग आहे. दंड अमुक हात लांब असावा, असे तेथे म्हटलेले नाही. धारण करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरावर तो मोजला आहे. तो सरळ, अभंग, दिसावयास सौम्य आणि कोणास भय न वाटेल असा असावा, हेही सांगितले आहे. चरकसंहितेत तर देहाची मोजणी ज्याच्या त्याच्या अंगुलांनी करावयाची आहे. चरक व सुश्रुत या दोघांनीही काठी बाळगण्याचे गुण दिनचर्येत गणले आहेत: अडखळणाऱ्यास ती सावरते, भय दूर करते; आणि वृद्धास ती विशेष हितकर, असे सुश्रुत सांगतो. आणखी एक गंमत आढळली. स्की हा शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दापासून आला, त्याचा अर्थ फोडलेले लाकूड असा आहे. आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या ‘छिद्’ या धातूच्या मुळाशी जोडतात. छिद् म्हणजे तोडणे, कापणे. धातुपाठ शिकविण्यात आयुष्य गेले. परंतु हा धातू आपल्यालाच चालविण्याची पाळी येईल, असे वाटले नव्हते.

तरीही हात धजेना. शेवटी सकाळी पूजा आटोपल्यावर आईपाशी गोष्ट काढली. तिचे वय आज ८८ वर्षांचे. तिने काठी मागून घेतली, शेंबीवरून बोट फिरविले आणि म्हणाली, “अरे, ही शेंबी दुसरी आहे. शेवटच्या दोन वर्षांत ते वाकले होते. काठी लांब होऊ लागली म्हणून त्यांनीच ती इंचभर कापून घेतली. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतास.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “त्यांनी काठी चालण्यासाठी घेतली होती रे, खुंटीसाठी नव्हे.”

मला काय वाटले, ते लिहून सांगणे कठीण आहे. जिला मी अखंड समजून जपत होतो, ती वडिलांच्या हातूनच कापली गेली होती. मी त्यांच्या ताठ देहाची आठवण जपत होतो. त्यांनी मात्र आपले वाकणे ओळखून निमूटपणे माप बदलले होते. आणि ते वाकले तेव्हा मी जवळ नव्हतो, हेही त्या एका वाक्यात मला कळले.

त्याच दिवशी माप घेतले. काठी घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल म्हणून रीत येथे देतो. ज्या वहाणा नेहमी पायांत असतात, त्या घालून ताठ उभे राहावे. हात सैल सोडावेत. मनगटाची घडी जेथे येईल, तेथे काठीच्या मुठीचा माथा यावा. मूठ धरली असता कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. खांदा वर उचलला गेला तर काठी लांब. अंग एका बाजूस झुकले तर आखूड. ढोबळ हिशेबाने उंचीच्या निम्म्यात एक इंच मिळवावा. माझी उंची ५ फूट ४ इंच, म्हणून माझी काठी ३३ इंच. वडिलांची आता ३६ इंच राहिली होती. कापणे ते खालच्या टोकाकडून, आणि टोकास रबरी टोपी बसवावयाची असल्यास तिची जाडी आधी हिशेबात धरून. अनवाणी चालणाऱ्याने वहाणांची उंची वजा करावी. उतारवयात मणक्यांमधील चकत्या झिजून व पाठ वाकून उंची कमी होते; म्हणून पन्नाशीत घेतलेली काठी सत्तरीत पुन्हा मोजून पाहावी.

आणखी एक चूक मी करीत होतो. दुखरा पाय उजवा, म्हणून काठीही उजव्या हातात! वस्तुतः ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावयाची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, मागून काठी व दुखरा पाय. उतरताना काठी व दुखरा पाय आधी खाली.

सुताराने करवत लावली तेव्हा आई ओसरीवर बसून होती. तीन इंचांचा तो तुकडा तिने मागून घेतला आणि आपल्या पोथीच्या रुमालात ठेवला.

यंदा रामनवमीस घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ येथे जाऊन आलो. १६०८ साली याच गावी ठोसरांच्या घरी नारायण जन्मास आला, तोच पुढे समर्थ रामदास झाला. तेथील राममंदिरातून २०२२ साली मूर्ती चोरीस गेल्या होत्या. त्या त्याच वर्षी परत मिळाल्या. दर्शनाच्या रांगेत उभा असता समर्थांच्या कुबडीची आठवण झाली. सज्जनगडावर ती दाखविली जाते. साऱ्या देशाची वाट तुडविणाऱ्या त्या पुरुषाचे ते साधन केवढेसे! बसून जप करताना हात टेकता यावा, एवढेच त्याचे माप. ज्याला जेवढे लागते, तेवढेच जवळ बाळगावे.

पुतण्याचा गुडघा आता बरा आहे. येत्या हिवाळ्यात तो पुन्हा गुलमर्गास जाणार आहे. “कोणती स्की घेणार?” असे मी विचारले. तो म्हणाला, “ओठांपर्यंतची, काका.” मीही पुढल्या अंगारकीस राजूरला जाणार आहे. तो धनगर भेटला तर काठी त्याच्यापुढे उभी करून दाखवीन, आणि ती वडिलांचीच आहे, हेही सांगेन.