टॉप कमी कर

गुरुवारी रात्री पावणेबाराला मी गच्चीवर जाते. घरातल्यांना आधी वाटायचं, कुणाचा तरी फोन येत असणार. आई एकदा पाठोपाठ वर येऊन बघूनही गेली. मी टाकीला टेकून बसलेले, कानात हेडफोन, हातात मोबाईल आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. आमच्याकडे खाली घरात रेंज लागलीच तर नशीब. गच्चीवर टाकीच्या एका विशिष्ट बाजूला उभं राहिलं की दोन दांड्या येतात. तेवढ्या पुरतात.

बारा वाजून गेले की नवी गाणी येतात. २०१५च्या जुलैपासून जगभरात नवं संगीत शुक्रवारी रिलीज करायची पद्धत पडली. त्याआधी इंग्लंडचा वार सोमवार, अमेरिकेचा मंगळवार, असं वेगवेगळं चालायचं. आता बहुतेक अल्बम ज्या त्या देशात मध्यरात्री येतात. म्हणजे लंडनच्या एखाद्या निर्मात्याचा नवा अल्बम लंडनमधल्या पोरीच्या साडेचार-साडेपाच तास आधी मार्गासनीत मी ऐकलेला असतो. ही गोष्ट मला अजूनही पटत नाही, पण ती खरी आहे.

मार्गासनी म्हणजे नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारं फाट्याचं गाव. सरळ गेलात तर विंझर, वेल्हे आणि तोरणा. डावीकडे वळलात की साखर, गुंजवणे आणि राजगड. शनिवारी रात्री पुण्यातून ट्रेकला निघालेल्या गाड्या इथे चुकतात, थांबतात, रस्ता विचारतात. मला इलेक्ट्रॉनिक संगीत या गाड्यांनी दिलं. मी आठवीत होते. एक गाडी आमच्या दारासमोर काच खाली करून उभी राहिली आणि आतून असा एक आवाज आला की त्याला वाद्य म्हणावं की काय म्हणावं ते कळेना. लाकडाच्या पोकळ ठोकळ्यांवर कुणीतरी टकटक टकटक करतंय, आणि मधेच सगळं थांबून एकदम कोसळतंय. नंतर वर्षभराने समजलं की ते मार्टिन गॅरिक्सचं २०१३चं ‘अ‍ॅनिमल्स’. मुळशीच्या धरणाकडे जायचा रस्ता हाच का, असं त्या पोरांनी विचारलं होतं. नव्हता.

माझं नवीन गाण्यांचं वेड म्हणजे मी एकटीने केलेली गोष्ट नाही. त्यात माझा चुलत भाऊ अर्धा भागीदार आहे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. काकांचा मंडप आणि कर्ण्यांचा धंदा होता, दादाने त्याचा साउंड केला. आधी दोन बेस दोन टॉप, मग कर्ज काढून चार बेस चार टॉप, टेम्पो, जनरेटर. बेस म्हणजे खालचे मोठे डबे, छातीत धडधडतात ते. टॉप म्हणजे वरचे, ज्यांतून आवाज, टाळ्या, झांजा, सगळं बारीक निघतं. वरातीची सुपारी आली की गाण्यांचं खातं माझ्याकडे. पेनड्राइव्ह मी भरायचे.

मला वरातीत नाचायला मिळायचं नाही. हळदीला थोडं, तेही बायकांच्या घोळक्यात. वरात मी बहुतेक घरातूनच ऐकली आहे. भिंतीतून बारीक आवाज येत नाहीत, फक्त बेस येतो. कित्येक गाणी मला आधी नुसत्या धडधडीवरून पाठ झाली आणि त्यांची वरची अर्धी बाजू नंतर, पुण्याला कॉलेजला जाताना, स्वारगेटच्या एसटीत हेडफोनवर समजली. कदाचित म्हणूनच मला वरच्या बाजूचं एवढं कौतुक. एखाद्या ट्रॅकमध्ये उजव्या कानात, अगदी कडेला, कुणीतरी किल्ली वाजवल्यासारखं टिंग होतं आणि परत कधीच होत नाही. ते टिंग त्या माणसाने का ठेवलं असेल? मी अशा गोष्टींवर रात्र घालवू शकते.

दादाचं म्हणणं वेगळं. ‘सैराट’ आला त्या वर्षी ‘झिंगाट’ त्याने एकेका वरातीत चार-चार वेळा लावलं. मी म्हणायचे, अरे दुसरं काहीतरी लाव. तो म्हणायचा, “ताय, नवं असलं की वाजत नाय, आन् वाजाय लागलं की नवं ऱ्हात नाय.” तरी मी पाठवलेलं सगळं तो ऐकायचा. २०२३च्या जानेवारीत स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि फ्लोडॅन यांचं ‘रंबल’ आलं. मी ते गोठ्याशेजारी लावलेल्या टेम्पोत बसून त्याच्या बेसवर वाजवलं. शेजारच्या दुकानाचं शटर थरथरलं, म्हैस उठून उभी राहिली. दादा नुसता हसत होता. त्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं तेव्हा तो म्हणाला, “म्हशीनं आधीच सांगितलं व्हतं.”

मग २०२४ आलं. आधी संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’, जे आमच्याकडे लहान पोरांपासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांना येत होतं. आणि मग क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’. हे गाणं ज्या दिवशी मला सापडलं त्या दिवशी मी ऑफिसात काम केलं नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. मराठी शब्द, खाली चक्क हाउस, आणि काढलं कुणी, तर स्पिनिन रेकॉर्ड्सने. नेदरलँड्सची तीच कंपनी, जिने ‘अ‍ॅनिमल्स’ काढलं होतं. दारासमोर थांबलेल्या त्या गाडीतून निघून अकरा वर्षांनी तो आवाज माझ्या भाषेत बोलत परत आला होता. मी दादाला सलग सात मेसेज केले. त्याने एका लग्नात लावून बघितलं. पहिल्या मिनिटाला लोक गोंधळले, मग जमलं, मग नवऱ्याच्या मामाने ‘झिंगाट’ मागितलं.

एक नाव मात्र मी त्याला फार उशिरा ऐकवलं, आणि याची मला लाज वाटते, कारण ते आपल्याच मुंबईतलं आहे. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली. टीआर-८०८ हे ताल धरणारं, टीबी-३०३ हे बेस वाजवणारं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. आणि त्यावर भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. ती कुणी घेतली नाही. ते ३०३ यंत्रही जगभर पडलंच. गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून ते बनवलं होतं, पण आवाज बेसगिटारसारखा येईना, म्हणून कंपनीने ते दोन-तीन वर्षांत बंद केलं. मग सेकंडहँड बाजारातून स्वस्तात मिळालेल्या त्याच यंत्राची बटणं पिळून शिकागोच्या पोरांनी १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला. चरणजित सिंगांचं काम त्याच्या पाच वर्षं आधीचं. २०१० साली रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगाने कपाळावर हात मारला. ते २०१५ साली गेले.

भैरव मी ओट्यावर लावला. दादा म्हणाला, “हा बेस सरपटतोय बघ, धामण जाती तसा.” आतून आज्जी म्हणाली, “काकड्याला बरं वाटंल हे, पण जरा बारीक लाव.”

आता मूळ गोष्टीकडे येते, जी मी टाळत होते.

मागच्या पावसाळ्यात मला एक ट्रॅक सापडला. नाव देत नाही, मला आता तो ऐकवत नाही. त्यात एक मिनिट बारा सेकंदांवर हाय-हॅट सुरू होते. हाय-हॅट म्हणजे झांजेचा तो बारीक छिस-छिस आवाज. ती इतकी नाजूक होती की मी दादाला लिहिलं, १:१२ ला बघ, वर बघ. त्याचं उत्तर आलं, “काय नाय तिथं.” मला वाटलं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतोय. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले, माझे हेडफोन त्याच्या कानावर घातले. १:१० पासून लावलं. मी बोट वर करून म्हटलं, आता. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला.

“आलं का?”

“काय?”

मी परत लावलं. आवाज वाढवला. तो म्हणाला, “बेस भारी हाय.” आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, “हां, आलं आलं.” त्या वेळी मी गाणं थांबवलेलं होतं.

त्यानंतर मागचं सगळं आठवायला लागलं. गेली दोन वर्षं पोरं त्याला सांगत होती, दादा, टॉप कमी कर, चिरचिर होतंय. दोन सुपाऱ्या त्याच्यावरून गेल्या होत्या. मीसुद्धा त्याला चिडवलं होतं की तुझे टॉप कांदा चिरल्यासारखे डोळ्यात पाणी आणतात. त्याला टॉप ऐकूच येत नव्हते म्हणून तो ते वाढवत होता. फोनवर तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा आणि आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं याचं. त्याच्या पोरीचं बोलणं त्याला कळायचं नाही आणि काकी म्हणायची, बापाला लेकीची किंमत नाही.

पुण्यात कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला मला दोन महिने लागले. “मला ऐकू येतंय की, तुझंच तर ऐकतोय.” शेवटी मी म्हटलं, मलाही तपासायचंय, सोबत चल. काचेच्या खोलीत बसवतात, कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावर रेघ येते. दादाची रेघ २००० हर्ट्झपर्यंत बरी चालली, ४००० ला विहिरीत पडल्यासारखी खाली गेली आणि ८००० ला थोडी वर आली. डॉक्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, “काम काय करता?” मोठ्या आवाजाने गेलेला कान असाच दिसतो म्हणे. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी, एका कानात साधारण पंधरा हजार, मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. स, श, च यांतलं बरंच त्याच पट्ट्यात येतं, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत.

डॉक्टरांनी हिशोब सांगितला. ८५ डेसिबल आवाजात आठ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला पंधरा मिनिटं. दादा म्हणाला, “आन् आमची वरात चार तास चालती.” मग थोडं थांबून, “धा वाजता बंद करतो पण.” कायद्याचं वेळापत्रक तो पाळतो, रात्री दहाच्या पुढे त्याने कधी वाजवलं नाही. पण ते वेळापत्रक झोपणाऱ्यांसाठी आहे, वाजवणाऱ्याच्या कानासाठी नाही.

माझी रेघ बरी निघाली. उजव्या कानाला ४००० वर लहानसा खड्डा. एसटीच्या इंजिनावर मात करायला मी हेडफोन पूर्ण आवाजात ठेवायचे, दररोज, कितीतरी वर्षं. त्या टिंगसाठीच.

परत येताना टेम्पोत आम्ही काही लावलं नाही. चेलाडी फाट्याला वळल्यावर दादा म्हणाला, “तू एवढी पाठवायचीस, त्यातलं मी निम्मंच ऐकलं म्हन.” मी म्हटलं, मीही लहानपणी निम्मंच ऐकलं होतं. हे बोलायला नको होतं. माझी निम्मी बाजू मला नंतर मिळाली होती.

धंदा त्याने सोडला नाही. चार बेस चार टॉपचे हप्ते बाकी आहेत. तो आता कानात फोमचे बोळे घालतो. पोरं हसतात, दोघातिघांनी मागून घेतले आहेत. सुपारीच्या आदल्या दिवशी मी जाऊन टॉप लावून देते आणि मिक्सरच्या बटणाशी नेलपॉलिशने लाल खूण करते. त्या खुणेच्या पुढे न्यायचं नाही. एका लग्नात त्याने नेलं, पोराने हात धरून मागे आणलं. आवाज एकूणच थोडा उतरलाय. एक सुपारी त्यामुळे गेली, मोठ्या आवाजाच्या दुसऱ्या सेटअपकडे. दादा त्या सेटअपवाल्याला शिव्या न घालता म्हणाला, “त्याचंबी कान बघायला पाहिजेत.”

मी गुरुवारी अजून गच्चीवर जाते. आवाज निम्म्यावर, त्यामुळे रातकिडेही गाण्यात येतात, आणि कधी कधी ते रातकिडे आहेत की हाय-हॅट हे कळत नाही. नवं गाणं सापडलं की पूर्वीसारखाच जीव वरखाली होतो. सात मेसेज करावेसे वाटतात. मध्यंतरी काही आठवडे मी त्याला काहीच पाठवलं नाही. काय पाठवणार? मग एका गुरुवारी साडेबाराला त्याचाच फोन आला.

“झोपलीस का? काय आलं आज?”

मी सांगितलं, एक आलंय, बरं आहे.

“लाव की मग. फोनवरच लाव.”

मी म्हटलं, फोनवर बेस येणार नाही आणि टॉप तुला येणार नाहीत, ऐकणार काय?

“बेस मी उद्या टेम्पोत ऐकतो. वर काय चाललंय ते तू सांग.”

मी हेडफोन लावला आणि सांगायला लागले. आधी काही नाही, नुसती हवा. आता टाळी. आता छिस-छिस सुरू झालं, एका लयीत, सुपात तांदूळ पाखडल्यासारखं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आज्जी पाखडती तसं का काकी पाखडती तसं?”

मला परत मागे नेऊन ऐकावं लागलं.