लिंबूटिंबू

माझ्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. माझे लग्न ठरत होते तेव्हा ही गोष्ट फारच नाजूक झाली होती. “मुलगा करतो काय?” असे कोणी विचारले की आमचे काका घाईघाईने “मुलांना शिकवतो” म्हणत, आणि “कोणता विषय?” असा पुढचा प्रश्न आलाच, तर पोह्यांची बशी पुढे सरकवीत. खरे सांगायचे तर माझा विषय लगोरी हा होता! मी मुलांचे खेळ घेतो. शाळेच्या पटांगणात, चाळीच्या चौकात, नगरपालिकेच्या बागेत. आणि जी मुले एरवी कडेला बसून खेळ पाहतात, त्यांना त्या खेळात ओढतो.

आपल्या मुलांनी अशा दुबळ्या गड्यासाठी एक सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. तिचे नाव लिंबूटिंबू. लिंबूटिंबूने सगळ्यांबरोबर धावावे, ओरडावे. पण त्याच्यावर राज्य येत नाही, हात लागला तरी तो बाद होत नाही. या सोयीत माया आहे, यात शंका नाही. पण धाकटे भावंड दोन वर्षांत मोठे होते आणि एके दिवशी त्याच्यावर राज्य येते. ज्याच्या पायांत बळ नाही किंवा ज्याला दिसत नाही, त्या मुलाचे लिंबूटिंबूपण मात्र काही केल्या सरत नाही. गेली तीस वर्षे मी एकच उद्योग केला म्हणा ना: लिंबूटिंबूंवर राज्य आणण्याचा!

एक मुलगी चाकांच्या खुर्चीवरून येई. आई म्हणायची, “तिला नुसती बसू द्या हो, बघूनच खूश असते.” आम्ही लगोरी स्टुलावर मांडली. नियम असा केला की, फुटलेल्या लगोरीचे तुकडे इतरांनी धावत आणून द्यायचे, पण रचायचे त्या मुलीनेच. आणि खुर्चीला चेंडू लागला की ती बाद. पाचवा तुकडा चढत होता, तोच चेंडू चाकावर बसला. “बाद!” पोरे ओरडली. “लागलाच नाही!” ती किंचाळली. मग जे भांडण जुंपले! आई समजूत घालायला धावली; मी तिला हाताने थांबवले. कारण तोवर त्या मुलीशी कोणी बरोबरीने भांडलेच नव्हते.

नियम बदलला की खेळ बिघडतो, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी अंधांचे क्रिकेट पाहावे. चेंडूत छर्रे असतात; तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी तयार आहेस का ते विचारतो आणि मगच हाताखालून चेंडू टाकतो. संघात किमान चार गडी पूर्ण अंध असावे लागतात. त्यांची प्रत्येक धाव दुप्पट धरतात, आणि त्यांनी एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद. येथे कोणी लिंबूटिंबू नाही. या खेळाचा पहिला विश्वचषक 1998 साली आपल्या दिल्लीतच झाला आणि दक्षिण आफ्रिकेने तो जिंकला. आपण हरलो, दया म्हणून चषक कोणी आपल्या हाती ठेवला नाही, हेच मला त्यात आवडते.

या कामावर पोट भरते का, असे तरुण मुले-मुली मला विचारतात. जगात ते फार जुने नाही. 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये, एम्ड्रुप येथे फळ्या-विटांच्या अडगळीचे एक क्रीडांगण निघाले आणि मुलांबरोबर राहायला तेथे एक माणूस नेमला गेला. खेळासाठी सामानाइतकाच माणूस लागतो, हे तेथे उमगले. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि क्रीडा यांना स्वतंत्र कलमे आहेत. पण कलम काही पटांगणात उतरून राज्य घेत नाही. म्हणून मी सांगतो, आधी हाताशी काही विद्या घ्या: शारीरिक शिक्षणाची पदवी, विशेष शिक्षणाची पदविका किंवा व्यवसायोपचार. सुरुवातीची वर्षे मानधनाचीच जातात. माझ्या घरचा किराणा पुष्कळ दिवस बायकोच्या पगारावर चालला. आणि खेळ रंगात असतानाच थांबवायला शिका, म्हणजे उद्या पोरे तुमच्या आधी हजर राहतील. ही विद्या मात्र कुठल्याच पदवीत मिळत नाही.

आता दिवाळी आली आहे. तुमच्या अंगणात माती कालवली जाईल, किल्ला उभा राहील. शेजारी एखादे मूल खिडकीतून पाहत असेल, तर यंदा किल्ला ओट्यावर, त्याचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर करा. त्याला मावळे मांडायला द्या, बुरूज लिंपायला द्या. आणि त्याच्या हातून बुरूज ढासळला, तर “असू दे रे बाळा” म्हणू नका. पुन्हा बांधायला लावा.